नऊ खाणींचं पाणी

चूक तिची होती, आणि ती छापून आलेली होती. गुळगुळीत कागदावर, रंगीत मुखपृष्ठाच्या आत, पान अकरा.

गावाच्या टोकाला विटांच्या कारखान्याच्या जुन्या नऊ खाणी होत्या. कारखाना बंद पडला, भट्ट्या पाडल्या, धुराडं उतरवलं, पण माती काढून काढून झालेले ते प्रचंड खड्डे कुणी बुजवले नाहीत. त्यांत पाणी साठलं, काठाला पाणकणसं वाढली, आणि गाव वाढत वाढत त्यांच्यापर्यंत येऊन टेकलं. तेव्हा नगरपालिकेने कॉलेजला विचारलं, की या पाण्यात आहे तरी काय आणि त्याचं करावं काय? कॉलेजने ते काम जीवशास्त्राच्या बाईंकडे दिलं. पोरं तिला पाठीमागे ‘डबकेबाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

डबकेबाईने उन्हाळ्याच्या शेवटच्या पंधरवड्यात नऊही खाणींना एकेकदा भेट दिली. तिसरी कोरडी ठणठणीत होती, तळाला हात जाईल एवढ्या भेगा. पहिली तशीच. सहावी मात्र खोल, काठोकाठ भरलेली, वर बदकं तरंगत होती. तिने अहवालात लिहून टाकलं, “पाण्याची पातळी वर्षभर कायम राखल्यास येथील जीवसृष्टी बहरेल.” वाक्य छान होतं. त्याची शहानिशा करायची राहून गेली, एवढंच.

दोन वर्षांनी नगरपालिकेच्या इंजिनियरकडून पत्र आलं. नऊ खाणींमधले बांध फोडून एकच मोठा तलाव करायचा, बारा महिने एकाच पातळीवर पाणी ठेवायचं, भोवती फिरायला वाट. “आपल्या शिफारशीनुसार” हे शब्द ठळक अक्षरांत होते. आराखडा मंजूर होताना आपण दोन शब्द बोलावेत, अशी विनंती होती.

पत्र वाचून तिने स्टाफरूममधल्या कपाटातून आपली वही काढली. कारण या दोन वर्षांत, कुणी सांगितलेलं नसताना, ती दर महिन्याला खाणींवर जात होती. जाळी बुडवायची, पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी ओतायचं, दिसेल ते मोजायचं. आणि मोजणीचे आकडे काही महिन्यांपासून तिच्याच वाक्याला वाकुल्या दाखवत होते. जिची तिने तारीफ केली होती, त्या सहाव्या खाणीत सगळं मिळून अकरा प्रकारचे जीव निघत. आणि ती भेगाळलेली, मेलेली तिसरी? तिच्यात पाणी आलं की चौतीस.

त्या रविवारी दुपारी तिने स्वयंपाकघरातलं टेबल ट्रे, चिमटे आणि बाटल्यांनी भरून टाकलं. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करी. त्याने तिला एक जाड भिंग पितळी दांड्यात बसवून दिलं होतं, ते डोळ्याला लावून ती वाकून बसली होती. सासूबाई चहाचा कप ठेवायला जागा शोधत होत्या.

“हे आता जेवायच्या टेबलावरच राहणार का?” त्यांनी विचारलं.

“तासाभरात उचलते, आई.”

“परवाही तासच म्हणाली होतीस.” त्यांनी कप खिडकीत ठेवला आणि ट्रेवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. “सहावी. हं. हिच्यात काही नाही वाटतं?”

“तेच तर कळत नाहीये. पाणी भरपूर, खोली चांगली, माती तीच, ऊनही तेच. पाण्याचे सगळे गुण तपासून झाले. तरी चतुर नाहीत, त्यांच्या धाकट्या बहिणी टाचण्या नाहीत, बेडकाचं एक पिल्लू नाही.”

“कसं असेल?” सासूबाई म्हणाल्या. “मासे आहेत ना तिच्यात.”

“मासे आहेत ते मला माहीत आहे. पण खाणीला ना नदी लागून ना ओढा. ते आले कुठून?”

“मी सोडले.”

डबकेबाईने भिंग खाली ठेवलं.

सासूबाईंनी सव्वीस वर्षं त्या कारखान्यात पंप चालवला होता. माती काढायची तर खाणीत झिरपलेलं पाणी आधी उपसावं लागे, आणि ते काम त्यांचं. गावातले जुने लोक अजून त्यांना ‘पंपवाल्या काकू’ म्हणूनच ओळखत. हे सगळं सुनेला लग्नापासून माहीत होतं. पण ज्या खाणींत ती दोन वर्षं गुडघाभर चिखलात उभी होती, त्यांच्याबद्दल घरातल्या या बाईला काही विचारावं, हे तिला एकदाही सुचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशातली गत.

“सहावीतली माती लवकर संपली,” सासूबाई सांगू लागल्या. “मग ती उपसणं बंद केलं. तुझा नवरा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याला मासे बघायचे होते, म्हणून नदीवरून बादलीभर आणून सोडले. मोठी हौस! वर्षभरात एवढे झाले की बादली बुडवली तरी हाताला लागायचे.”

“आणि तिसरी?”

“तिसरी दरवर्षी आटते. तिच्यात मासा कसा टिकेल? चौथी आणि पाचवी मी आलटून पालटून उपसायचे, एक वर्ष ही, एक वर्ष ती. सातवीत कधी मासा गेला नाही. आठवीत गेला, तिथल्या वॉचमनने टाकले होते. पहिली उथळ, पाणी आलं काय नि गेलं काय, पाहुण्यासारखी.”

डबकेबाईने वही ओढली. “आई, सावकाश सांगा. पहिलीपासून.”

“चहा गार होईल.”

“होऊ द्या.”

त्या दुपारी तिने चार पानं लिहून घेतली. कुठली खाण कधी खणली, कधी उपसली, कुठल्या साली कुठलीत काय आलं. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही यंत्राने न सांगितलेली गोष्ट त्या चार पानांत होती. पाणी तेच, माती तीच, पण प्रत्येक खाणीचा भूतकाळ वेगळा होता. आणि आत कोण नांदतंय, हे त्या भूतकाळाने ठरवलं होतं.

“म्हणजे बळी तो कान पिळी,” सासूबाई शेवटी म्हणाल्या. “मासा आला की बाकीच्यांचा कारभार आटोपला.”

“हो. आणि पाणी आटलं की त्याचाच कारभार आटोपतो, मग बाकीच्यांना जागा होते.”

“मग सगळ्याच उपसून टाका की!”

“तसंही नाही ना. पहिली बघा. ती तीन आठवड्यांत आटते, तर तिच्यात नऊच प्रकार. बिचाऱ्यांना मोठं व्हायलाच वेळ मिळत नाही. फार शांतताही नको आणि फार धावपळही नको.”

“हे मला नवीन नाही,” सासूबाई टेबलाकडे बघत म्हणाल्या. “मी याच घरात राहते.”

एक शंका तरी उरलीच होती. तिसरी खाण उन्हाळ्यात खरंच मेलेली दिसत होती. मग पाणी आल्यावर चौतीस प्रकार येतात कुठून? काही उडत येत असतील, काही बदकांच्या पायांना चिकटून. पण सगळे? तिने तिसरीच्या तळातली वाळलेली माती बादलीभर आणली, न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली, वर साधं पाणी ओतलं आणि जाळीचं झाकण बांधलं, म्हणजे बाहेरून काही यायला नको. नवऱ्याने दोन दिवस कुरकूर केली. पाचव्या दिवशी दाढी करता करता तोच ओरडला, “अगं, इकडे ये! तुझा चिखल हलतोय!”

पाण्यात काचेसारखे पारदर्शक, पाठीवर पोहणारे कोळंबीच्या जातीचे जीव फिरत होते. दहाव्या दिवशी हिरवे कोंब आले. तीन आठवड्यांत तिने त्या एका बादलीत तेरा प्रकार मोजले. तिने ज्याला मरण म्हटलं होतं, ती नुसती झोप होती.

दुसऱ्या दिवशी ती इंजिनियरकडे गेली. माणूस तिच्याहून लहान, नीटनेटका, चष्मा कपाळावर सरकवून बोलणारा. त्याने आराखडा टेबलावर पसरला. निळा तलाव, हिरवी किनार, छोटी छोटी माणसं फिरताहेत.

“कसा वाटतो, मॅडम?”

“देखणा आहे. पण हा करू नका.”

त्याने अहवाल उघडून पान अकरावर बोट ठेवलं. “हे वाक्य तुमचं आहे ना?”

“माझंच आहे. आणि ते चुकीचं आहे.”

त्याने पानावरचं बोट उचललं. आपला अहवाल चुकीचा आहे म्हणणारी तज्ज्ञ व्यक्ती त्याच्या टेबलासमोर आजवर बसली नसावी. तिने वही काढली, नऊ खाणींचे नऊ तक्ते त्याच्यासमोर मांडले. सगळ्यांत श्रीमंत खाणीत चौतीस प्रकार, पण नऊ मिळून त्रेसष्ट. कारण प्रत्येकीत काही ना काही असं होतं, जे दुसरीकडे नव्हतं.

“तुम्ही बांध फोडले की सगळ्या एका माळेचे मणी होतील. सहावीतले, आठवीतले आणि नववीतले मासे सगळीकडे पोचतील, पाणी कधी आटणार नाही, आणि जे आज सहावीत दिसतं तेवढंच सगळीकडे दिसेल.”

“हे तुमचं म्हणणं झालं,” तो म्हणाला. आवाजात कुत्सितपणा नव्हता. “दोन वर्षांपूर्वीही ते तुमचं म्हणणंच होतं. मी वर काय सांगू?”

प्रश्न रास्त होता. तिला राग आला नाही. उलट हा माणूस आपल्या विद्यार्थ्यांपेक्षा बरा विचार करतो, असं वाटलं.

“आराखडा मंजुरीला जायला किती वेळ आहे?”

“मोजणी, नकाशे, सगळं धरून वर्ष-सव्वा वर्ष.”

“मग वर्षभर करून बघू. सहावी उपसायची, मासे काढून नववीत सोडायचे, तिथे तसेही आहेतच. आणि पुन्हा पाणी भरू द्यायचं. माझं खरं असेल तर तिथले प्रकार वाढतील.”

“आणि तुमचं खोटं असेल तर?”

“तर मी तुमच्या समारंभात दोन शब्द बोलेन.”

तो हसला. मग विचार करून म्हणाला, “पण त्याने उपसण्याचा फायदा कळेल. बांध फोडण्याचा तोटा कसा कळणार? मला तो तपासायचा आहे. सातवी आणि आठवी शेजारी आहेत. मधला बांध थोडा फोडून त्या जोडल्या तर?”

तिने वहीत सातवीचं पान उघडलं. सातवीत मासा कधीच गेला नव्हता. पोटावर शेंदरी ठिपके असलेला, अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान एक बेडूक फक्त तिथेच अंडी घालायचा. बांध फोडला तर काय होईल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. पण हे न करता तिच्या शब्दावर विश्वास ठेवायला तिने त्याला काहीच कारण दिलेलं नव्हतं. एकदा न मोजता बोलल्याची ही शिक्षा होती.

“जोडा,” ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने सासूबाईंना सांगितलं. त्यांनी भाजीची परात पुढे ओढली. “एक वाचवायला एक घालवायची,” त्या म्हणाल्या. “बरं. पण सहावी कोण उपसणार?”

“नगरपालिकेचा ठेकेदार. पंप आणतोय.”

“मी येते.”

“आई, तुमचे गुडघे.”

“पंप काय मी गुडघ्याने चालवायचे?”

सहावी उपसली त्या दिवशी सासूबाई काठावर खुर्ची टाकून बसल्या. ठेकेदाराच्या माणसाने पाइप सरळ खोल टोकाला टाकला, तसा त्यांनी हात वर केला. “अरे बाबा, तिथे गाळ आहे, तोंड चोंदेल. उजवीकडे घे, दगडापाशी.” त्याने ऐकलं नाही. दहा मिनिटांत तोंड चोंदलं. मग त्याने ऐकलं. तिसऱ्या दिवशी तळ दिसू लागला, आणि शेवटच्या डबक्यात मासे चांदीसारखे उसळले. विद्यार्थ्यांनी पिंपं भरभरून ते नववीत नेले. सासूबाई उठून बघत होत्या. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या एका बादलीचा हा पसारा. त्या पुटपुटल्या, “हौसेला मोल नाही म्हणतात, ते खरं नव्हे.”

मग वर्षभर डबकेबाई मोजत राहिली, आणि इंजिनियरही चष्मा कपाळावर सरकवून तिच्याबरोबर मोजायला येई. सहावीचा तळ दोन महिने उन्हात तापला, मग पाणी आलं. पहिल्या महिन्यात काही नाही, नुसतं गढूळ पाणी. दुसऱ्या महिन्यात पाणभुंगे आले, पाण्यावर पळणाऱ्या निवळ्या आल्या. मग टाचण्या, निळ्या आणि तांबूस. मग एके सकाळी काठाच्या गवतात चतुरांच्या रिकाम्या कातींची रांगच लागलेली दिसली. वर्षअखेर अकराचे सत्तावीस झाले होते.

सातवी-आठवीचं मात्र तिने म्हटलं होतं त्याहून वाईट झालं. आधी सातवीत पंचवीस आणि आठवीत सोळा प्रकार असायचे. आता दोन्हींत मिळून चौदा उरले. मासे पहिल्याच आठवड्यात या काठाहून त्या काठाला गेले. ठिपकेवाल्या बेडकांनी त्या वर्षीही अंडी घातली, तिने ती पाहिली, आणि पुढच्या खेपेला तिथे काहीच नव्हतं. त्या दिवशी ती घरी येऊन तशीच टेबलाशी बसली. सासूबाईंनी तिच्यापुढे ताट ठेवलं आणि त्या समोर बसल्या.

“तू बरोबर होतीस ना?” त्यांनी विचारलं.

“होते.”

“मग?”

“चुकले असते तर बरं झालं असतं.”

मंजुरीच्या सभेआधी प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं. भले गृहस्थ, पण कॉलेजच्या नावाला फार जपणारे. “तुम्ही जरूर बोला,” ते म्हणाले, “पण ते ‘चुकलं’ वगैरे टाळा. ‘नव्या निरीक्षणांच्या प्रकाशात’ असं म्हणा.”

“सर, निरीक्षणं नवी आहेत हे खरं. पण जुनी नव्हतीच. मी एकदाच गेले होते.”

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला.

सभागृह भरलेलं होतं. इंजिनियरने आधी आराखडा दाखवला, मग म्हणाला की वर्षभरात एक चाचणी झाली आहे, ती ऐकून घ्यावी. डबकेबाई उभी राहिली. वर्गात जे सांगायला तिला अख्खं सत्र लागायचं, ते तिने वीस मिनिटांत सांगितलं. “माझ्या अहवालातलं पान अकरावरचं वाक्य चुकीचं आहे. मी प्रत्येक खाण एकदाच पाहिली, तीही उन्हाळ्यात, आणि जे दिसलं नाही ते नाहीच असं धरून चालले.” मग दोन तक्ते तिने पडद्यावर लावले. सहावी: अकरा, सत्तावीस. सातवी आणि आठवी: पंचवीस आणि सोळा, मग दोन्हींत तेच चौदा.

मागच्या रांगेतून एक सभासद उभे राहिले. “बाई, तेव्हा तुम्ही चुकलात. आता बरोबर आहात हे कशावरून?”

लोक हसले. तीही हसली.

“तेव्हा मी पंधरा दिवस पाहिलं होतं, आता तीन वर्षं झाली. तेव्हा मी अंदाज केला होता. या खेपेला आधी सांगितलं, मग करून पाहिलं, आणि माझ्याबरोबर इंजिनियर साहेबांनी स्वतः मोजलं. तरीही उद्या कुणी मोजून दाखवलं की मी चुकले, तर मी इथेच येऊन सांगेन. सवय झाली आहे.”

दुसरा प्रश्न आला, की मग नऊ खाणींचं करायचं काय, वाऱ्यावर सोडायच्या? याचं उत्तर द्यायला तिने सासूबाईंना उभं केलं. त्यांनी आयुष्यात कधी माइक हातात धरला नव्हता. तो त्यांनी बाजूला ठेवला आणि पंपाच्या आवाजावरून ओरडायच्या सवयीने सभागृह हलवून सोडलं.

“वाऱ्यावर कशाला? पाळी लावायची. आम्ही लावत होतो. नववी कायम भरलेली ठेवा, ज्यांना गळ टाकून बसायचंय ते बसतील. पहिली, तिसरी आपापल्या आटतात, त्यांना हात लावू नका. चौथी, पाचवी, सहावी यांतली दरवर्षी एक उपसायची, म्हणजे एकीची पाळी तीन वर्षांनी येईल. सातवी-आठवीतला बांध पुन्हा घाला. बाकीच्यांचं सून सांगेल.”

“आणि फिरायची वाट?” कुणीतरी विचारलं.

“वाट खाणींमधून काढा ना! एकाच पाण्याभोवती किती वेळ फिरणार? चार पावलांवर दुसरं पाणी दिसलं तर माणूस पुढे जाईल.”

इंजिनियरने ते वाक्य लिहून घेतलं. पुढे आराखड्यात वाट तशीच आली, बांधांवरून वळणं घेत जाणारी.

निर्णय त्या दिवशी झाला नाही. दोन बैठका, एक पाहणी आणि पुष्कळ चहा झाल्यावर झाला. नऊच्या नऊ खाणी राहिल्या. बांध पुन्हा घातला गेला, सातवी एकदा पूर्ण उपसून मोकळी केली. तिच्यात पुढच्या दोन वर्षांत एकवीस प्रकार परतले. ठिपकेवाला बेडूक त्यांत नव्हता. डबकेबाईने पाचवीच्या मागच्या झुडपांत त्याचा शोध सुरू ठेवला आहे, कारण प्रौढ बेडूक बरीच वर्षं जगतात आणि सगळेच गेले असतील असं मानायला तिच्याकडे पुरावा नाही. नव्या अहवालात तिने त्या बेडकाला स्वतंत्र पान दिलं आणि त्याचं काय झालं, कोणाच्या निर्णयाने झालं, हे स्वच्छ लिहिलं. प्राचार्यांनी ते वाचलं आणि सही केली.

पाळीचं वेळापत्रक आता सासूबाई करतात. नगरपालिकेने त्यांना रीतसर पत्र पाठवून बोलावलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “सल्लागार म्हणजे नुसतं बोलायचं, की पंपाला हातही लावायचा?”

“नुसतं बोलायचं, आई.”

“मग जमेल.”

या वर्षी पाचवीची पाळी होती. सूनबाईचं म्हणणं, उपसायला महिनाभर थांबावं, टाचण्या अजून उडायच्या आहेत. सासूबाईंचं म्हणणं, महिनाभर थांबलं तर तळ तापायला दिवस पुरणार नाहीत. जेवायच्या टेबलावर तीन संध्याकाळ हा वाद चालला. नवरा दोघींच्या मध्ये बसून जेवत होता. शेवटी इंजिनियरलाच फोन लावला. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाला, “पंधरा दिवस थांबू.”

“याला काही कळत नाही,” सासूबाई फोन ठेवून म्हणाल्या.

“अजिबात नाही,” सून म्हणाली, आणि तिने वहीत पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहिली.